कोर्टाचा कागद आढ्याला खोवू नका!

कोर्टाचा बेलिफ गावात आला की आमचा शेतकरी बंधू मागल्या दाराने रानात पसार होतो व कारागीर दुकानाची फळी लावून घेतो. कुणी कागद घेतलाच तर तो न वाचता आढ्याला खोवतो. कागद घेतला नाही म्हणजे दावा लागला नाही, ही समजूत सावकाराच्या व्याजापेक्षाही घातक होय. समन्स नाकारले तर ते दाराला चिकटवितात, आणि कायद्याने ते बजावलेच ठरू शकते.

कुळकायद्याचेच पाहा. पश्चिम महाराष्ट्रात 1 एप्रिल 1957 रोजी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. परंतु किंमत ठरविण्याच्या नोटिशीला जे कूळ हजर झाले नाही, त्याला जमीन घ्यावयाची नाही असे धरून खरेदी निष्फळ ठरविण्याची तरतूद त्याच कायद्यात केलेली आहे. हुकूम कळल्यापासून फेरविचारासाठी 60 दिवस दिले आहेत. पण जो कागदच वाचीत नाही, त्याला ते दिवस काय कामाचे? बापाने घाम गाळून राखलेले रान अशा एका गैरहजेरीने हातचे जाते.

भाड्याच्या दुकानाचेही तसेच. थकबाकीचा दावा लागला तरी समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत थकलेले भाडे दरसाल शेकडा 15 व्याजाने कोर्टात भरावे, दाव्याचा खर्च द्यावा व पुढे भाडे नियमित भरीत राहावे. म्हणजे थकबाकीच्या कारणावरून दुकान खाली करावे लागत नाही, असे 1999 चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो. लपून बसणारा ही संधी आपल्या हाताने घालवितो.

हुकूम अन्यायाचा वाटला तर अपील करा, पण तो मोडू नका. मनाई हुकूम मोडून नांगर घातला तर मालमत्तेवर जप्ती येते व 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज 30 दिवसांत, गैरहजेरीचे सबळ कारण दाखवून करावा.

वकिलाला पैसे नाहीत, ही सबब आता पुरी पडत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्नाचे लोक यांना तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो.

तेव्हा बांधवांनो, कागद आला की घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या, तारीख भिंतीवर लिहा आणि त्या दिवशी कोर्टात उभे राहा. आपण गेलो नाही तर तेथे एकट्या प्रतिपक्षाचेच ऐकले जाते.