रुमाल टाकून धरलेली जागा

बीडजवळच्या पालीसारख्या गावातला विशीतला तरुण मराठी साहित्यात येतो तो बहुधा दुष्काळाचे नाहीतर ऊसतोडीचे बोट धरून. ही दुःखे खरी आहेत. त्यांविषयी लिहिलेच पाहिजे. परंतु शेजारचे बिंदुसरेचे धरण भरले, तरी त्याची बस चुकायची ती चुकतेच. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता आली, हा त्याचा त्या दिवशीचा विजय. कचेरीतला कारकून ‘उद्या या’ म्हणाला, हा पराभव.

‘कोसला’ (१९६३) आपण अस्तित्ववादाच्या चर्चेत इतकी घोळवली, की पांडुरंग सांगवीकरचे वसतिगृहातले दिवस आणि पैशांवरून वडिलांशी उडणारे खटके हाच तिचा जीव आहे, याचा विसर पडला. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला एकनाथही शिकून बेकार आहे, त्याची कोंडी मोठी असली, तरी ती घरातल्या रोजच्या बोलण्यांतूनच कळते.

वर्गात ‘स्वतःविषयी लिहा’ म्हटले, की माझे विद्यार्थी दुष्काळावर लिहितात. चुकलेल्या बसविषयी कुणीच लिहीत नाही. ते साहित्य नव्हे, अशी समजूत आम्ही शिक्षकांनीच करून दिली आहे. हे मला घातक वाटते. स्वतःची भाषा माणूस अशा किरकोळ गोष्टी सांगतानाच कमावतो. ज्याला चुकलेली बस स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, तो उद्या दुष्काळही वर्तमानपत्राच्या शब्दांतच सांगेल.