अश्वशक्ती सर्वांत शेवटी

हलक्या वजनाची स्पोर्ट्स कार घेणाऱ्यापुढे कारखान्याच्या पर्यायांची यादी ज्या क्रमाने येते, तो क्रम ट्रॅकवर, म्हणजे शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त रस्त्यावर, जवळजवळ उलटा करावा लागतो. यादीत रंग, चामड्याची आसने, संगीतयंत्रणा आणि जादा अश्वशक्ती ठळकपणे मांडलेली असतात. ब्रेक ऑइल, वळणात इंजिनाला होणारा तेलपुरवठा आणि चालकाला आसनाशी बांधून ठेवणारे पट्टे यांचा उल्लेख तळाशी तरी असतो किंवा नसतोच. ज्या गाडीचे सारे मोल तिच्या कमी वजनात आहे, तिच्या बाबतीत यादीच्या क्रमाने खर्च करत जाणे ही चूक आहे, आणि ती का चूक आहे हे लोटस एलिसइतके स्पष्ट क्वचितच दुसरी गाडी दाखवते.

इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यात हेथेल येथे, दुसऱ्या महायुद्धातील एका विमानतळाच्या जागेवर उभ्या राहिलेल्या कारखान्यात १९९६ ते २०२१ या काळात एलिस तयार होत असे. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन १९८२ मध्ये निवर्तले होते, तरी शक्ती वाढवण्याआधी वजन घटवावे हा त्यांचा आग्रह या गाडीत पुरेपूर उतरला होता. साच्यातून दाबून काढलेले अ‍ॅल्युमिनियमचे पोकळ भाग वेल्डिंग न करता इपॉक्सी गोंदाने जोडून बनवलेली तिची चासी अवघी ६८ किलोंची होती, पहिल्या आवृत्तीची संपूर्ण गाडी सुमारे ७२५ किलोंची होती, आणि रोव्हरचे १.८ लिटरचे ११८ अश्वशक्तीचे इंजिन तिला पुरून उरत असे. २००४ मध्ये आलेल्या १११ आर या आवृत्तीत टोयोटाचे १८९ अश्वशक्तीचे इंजिन बसवले गेले आणि वजन सुमारे ८६० किलोंवर गेले. तरीही पॉवर स्टिअरिंग तिला कधीच दिले गेले नाही, कारण इतक्या हलक्या गाडीला त्याची गरजच नव्हती.

कमी वजनाचा लाभ ट्रॅकवर सर्वाधिक कोठे मिळतो, तर तो ब्रेक लावताना. धावत्या गाडीतील गतिज ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जिरवावी लागते आणि ही ऊर्जा वजनाच्या सम प्रमाणात, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० किलोंच्या चालकासह ९४० किलो भरणारी एलिस ताशी १८० किलोमीटरवरून ९० वर आणताना साधारण ८.८ लाख जूल उष्णता निर्माण होते. १५०० किलोंची गाडी त्याच चालकासह तेवढीच मंदावली, तर हा आकडा १४.८ लाखांवर जातो. हे गणित प्रत्येक फेरीत, प्रत्येक मोठ्या वळणाआधी पुन्हा मांडले जाते, आणि म्हणूनच हलक्या गाडीचे ब्रेक व टायर दिवसभर टिकतात, तर जड गाडीला थोड्याच फेऱ्यांनंतर थंड होण्यासाठी बाहेर यावे लागते.

असे असले तरी ट्रॅकवर एलिसमध्ये सर्वांत आधी हार मानते ते बहुधा ब्रेक ऑइलच. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू झपाट्याने खाली येतो. डॉट ४ या सर्वसामान्य प्रतीसाठी कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा मुरलेल्या अवस्थेत केवळ १५५ अंश एवढीच अट आहे. कॅलिपरमधील, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातील, तापमान या मर्यादेपलीकडे गेले की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाऊ शकत असल्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही आणि पेडल थेट तळाला जाते. उच्च उत्कलनबिंदूचे ताजे ऑइल भरणे आणि अधिक तापमान सोसणारे ब्रेक पॅड बसवणे यासाठी येणारा खर्च पर्याय-यादीतील चामड्याच्या आसनांच्या तुलनेत नगण्य असतो, पण ट्रॅकवरचा पहिला रुपया किंवा पहिला पौंड तेथेच गेला पाहिजे. मोठ्या डिस्क आणि जादा पिस्टनांचे कॅलिपर यांचा विचार त्यानंतरचा, आणि बहुतेक चालकांना त्यांची गरज पडते असे मानण्याचे काहीच कारण नाही. ताजे ऑइल व योग्य पॅड असूनही ब्रेक तापून ढिले पडत असतील, तेव्हाच तो विषय हाती घ्यावा.

टायरचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथून एक सुधारणा दुसरीला ओढून आणू लागते. एलिसचे इंजिन चालकाच्या मागे असल्यामुळे साठ टक्क्यांहून अधिक भार मागच्या चाकांवर असतो, आणि म्हणून कारखान्याने पुढे १७५ मिलिमीटर व मागे २२५ मिलिमीटर रुंदीचे टायर हेतुपूर्वक दिले होते. पुढचे अरुंद टायर आधी पकड सोडतात आणि गाडी वळणात अपेक्षेपेक्षा बाहेरच्या बाजूला सरकू लागते. या प्रवृत्तीला अंडरस्टिअर म्हणतात आणि ती चालकाला वेळेवर सावध करते. स्पोर्ट पॅक हा कारखान्याचा पर्यायसंच घेणाऱ्याला पुढे १९५ मिलिमीटरचे, योकोहामा ए०४८ हे टायर मिळत, जे रस्त्यावर चालवण्याची परवानगी असूनही जवळजवळ शर्यतीच्या रबराइतके मऊ आणि चिकट असतात. ते बसवल्यावर गाडी वळणात अधिक उत्सुकतेने नाक आत घालते खरी, पण वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग बाहेर फिरण्याची शक्यताही तेवढीच वाढते. नवख्या चालकाने पहिला काही काळ मूळ टायरवरच शिकावे असे या स्तंभाचे स्पष्ट मत आहे, कारण मूळ टायर चूक दाखवतात, तर चिकट टायर ती मर्यादेपर्यंत झाकून ठेवतात आणि मग एकदम उघडी पाडतात.

चिकट टायरचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून अधिक घातक ठरतो. टोयोटाच्या या इंजिनात वंगणाचे तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये साठते आणि तेथे बुडालेल्या नळीतून पंप ते वर ओढून घेतो. लांब वळणात पकड जितकी जास्त, तितका बाहेरच्या दिशेने बसणारा रेटा मोठा, आणि कलत्या ताटातली आमटी जशी एका काठाला जमते तसे तेल चेंबरच्या एका बाजूला जाऊन नळीचे तोंड उघडे पडते. पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवरील तेलाचा पापुद्रा तुटतो. हे इंजिन मिनिटाला ६२०० फेऱ्यांच्या पुढे कॅमशाफ्टच्या दुसऱ्या, अधिक आक्रमक उंचवट्यावर जाते आणि ट्रॅकवर ते बहुतांश वेळ तेथेच ठेवले जाते, त्यामुळे तेलाविना गेलेले काही क्षणही बेअरिंगला पुरेसे हानिकारक असतात. यावर उपाय म्हणजे आतून कप्पे पाडलेले आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा लावलेले चेंबर, जे तेलाला नळीभोवतीच अडवून धरते. अशा चेंबरशिवाय मऊ टायर घेणे म्हणजे इंजिन पणाला लावणे होय. आणि ज्याला चेंबरवर खर्च करायचा नाही त्याने साध्या टायरवर समाधान मानावे, त्यात कमीपणा मुळीच नाही.

या साऱ्यात कारखान्याकडूनच घ्यावेत असे पर्याय थोडेच उरतात. डिफरन्शियल, म्हणजे वळणात दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरव्यवस्था, एक चाक घसरू लागताच शक्ती दुसऱ्याकडे वळवणारी असेल तर ती मूळ गाडीतच असलेली बरी, कारण नंतर बसवायची झाल्यास गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. सस्पेन्शनचा कडक संच आणि तेल थंड करणारे दोन कूलर यांनाही हेच लागू पडते. याउलट टूरिंग पॅकमधील विद्युत खिडक्या, जाड गालिचे आणि आवाज शोषणारी अस्तरे रस्त्यावर सुखावह असली, तरी ट्रॅकवर त्यांचे फक्त वजन उरते. ८६० किलोंच्या एलिसमधून ४० किलो कमी केल्यास शक्ती आणि वजनाचे गुणोत्तर सुमारे नऊ अश्वशक्ती वाढवल्याइतके सुधारते, शिवाय ब्रेक लावताना व वळताना होणारा फायदा वेगळाच. तरीही वजनाचे वेड किती लावून घ्यायचे याला सीमा आहे: ब्रिटनच्या उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय घरी परतणे सोसवते, पण ज्याला गाडी रोज चालवायची आहे त्याने ते काढून टाकण्यात शहाणपण नाही.

सस्पेन्शनबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी आहे. महागडे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेण्याआधी चाकांचे कोन नीट जुळवून घेतले, तर गाडीत पडणारा फरक अनेकदा अधिक मोठा असतो. चाकाचा वरचा भाग आत कलवण्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात, आणि एलिसमध्ये तो सांध्यात बसवलेल्या पातळ धातूच्या चकत्या, म्हणजे शिम, कमी-जास्त करून बदलतात. वळणात गाडी कलली तरी टायरचा पूर्ण पृष्ठभाग रस्त्याला टेकलेला राहावा हा त्यामागचा उद्देश. एखाद-दुसऱ्या चकतीने टायरच्या बाहेरच्या कडेची झीज कमी होते आणि पुढची पकडही वाढते.

अश्वशक्तीचा विचार या सर्वांनंतर का करावा, याचे उत्तर पुन्हा वरच्याच गणितात आहे. २००६ च्या एक्सीज एस या भावंडात कारखान्याने सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र, बसवून २१८ अश्वशक्ती मिळवली, आणि अनेक एलिसमालक त्याच वाटेने गेले. समजा, या जादा शक्तीमुळे सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग ताशी १८० ऐवजी २०० किलोमीटर झाला. तर वजन तेच धरूनही ९० पर्यंत मंदावताना होणारी उष्णता ८.८ लाखांवरून ११.६ लाख जूलवर, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशाने वाढते. ज्या ब्रेकना आजवर काही झाले नव्हते ते आता उकळू लागतात, थंड करण्याची यंत्रणा अपुरी पडते, क्लचवर ताण येतो, आणि एका पर्यायापायी चार पर्याय घ्यावे लागतात.

चालकाच्या सुरक्षेत तर अर्धवट सुधारणा मुळीच चालत नाही. चार टोकांचे शर्यतीचे पट्टे मूळ आसनावर लावले की धडकेत पोटावरचा पट्टा वर सरकतो आणि शरीर त्याखालून पुढे घसरू शकते. ते रोखण्यासाठी पायांमधून येणारा पट्टा लागतो, त्यासाठी छिद्र असलेले आसन लागते आणि खांदे घट्ट बांधले गेल्यामुळे मानेला हॅन्स या आधाराची गरज पडते. गाडी उलटली तर पट्ट्यांनी ताठ धरलेल्या चालकाचे डोके हेल्मेटसह डोक्यामागच्या पोलादी कमानीच्या खाली राहते की नाही, हे आसन बसवण्याआधी मोजून पाहिले पाहिजे. हा संपूर्ण संच शक्य नसेल, तर मूळ तीन टोकांचा पट्टाच वापरावा. आणि काहीही बसवताना गोंदाने जोडलेल्या चासीला नवे छिद्र पाडू नये.

एलिसची निर्मिती थांबली असल्याने आज हे पर्याय जुन्या गाडीच्या कागदपत्रांतच निवडावे लागतात, आणि तिच्या जागी आलेली, २०२४ पासून भारतातही मिळणारी एमिरा १४०० किलोंच्या पुढे असल्यामुळे ब्रेकचे वरचे गणित तिच्या मालकाला अधिकच कठोरपणे लागू होते. जुनी एलिस पाहताना सुपरचार्जर बसवला आहे का हे विचारण्याआधी चेंबर बदलल्याचे बिल आहे का, ते कोणत्या वर्षीचे आहे आणि मऊ टायर त्याच्या आधी बसवले की नंतर, हे विचारावे. टायर आधीचे आणि चेंबर नंतरचे असेल, तर बेअरिंग तपासून घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.