दाता वेळेवर मिळाला तर

‘‘डॉक्टर, धाकट्याच्या मणक्यातून मज्जा काढणार ना? तोही अधू झाला तर?’’ थोरल्या मुलाला रक्ताचा कर्करोग झालेले वडील ओपीडीत असे विचारतात, तेव्हा त्यांना अडाणी समजू नये. एक लेकरू वाचवताना दुसरे गमावण्याची ती भीती असते. पण या भीतीपोटी धाकट्याची तपासणी लांबते आणि थोरल्याच्या उपचाराची योग्य वेळ निघून जाते. ही वेळ किती मोलाची, हे एका संशोधकाच्या कामातून चांगले कळते.

डॉ. ई. डोनॉल थॉमस यांनी 1957 मध्ये अमेरिकेतील कूपर्सटाऊन येथून सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. किरणोत्सार किंवा औषधे देऊन नंतर त्यांना दुसऱ्याची अस्थिमज्जा शिरेतून दिली होती. त्यांपैकी एकही रुग्ण शंभर दिवसांहून अधिक जगला नाही. पुढे अनेक संशोधकांनी हा नाद सोडला. थॉमस प्रयोगशाळेत परतले आणि कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले. पेशींवरील एचएलए खुणा जुळल्या तर मज्जा रुजते, न जुळल्यास शरीर ती नाकारते किंवा नवी मज्जाच शरीरावर उलटते, हे हळूहळू उलगडले. पत्नी डॉटी या साऱ्या काळात प्रयोगशाळेत त्यांच्या सोबत होत्या.

1977 मध्ये सिअ‍ॅटलच्या त्यांच्या पथकाने शंभर रुग्णांचा अनुभव मांडला. सगळे उपाय थकलेल्या या रुग्णांपैकी तेरा जण रोगमुक्त होते. मग त्यांनी हेच प्रत्यारोपण लवकर, म्हणजे औषधांनी आजार पहिल्यांदा आटोक्यात येताच केले, तेव्हा तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचे निम्म्याहून अधिक रुग्ण तगले. उपचार तोच होता, फक्त वेळ साधली होती. 1990 मध्ये थॉमस यांना डॉ. जोसेफ मरे यांच्यासह नोबेल मिळाले.

ही विद्या मुंबईत आणली डॉ. सुरेश अडवाणी यांनी. पोलिओमुळे व्हीलचेअरवरून वावरणाऱ्या या डॉक्टरांनी सिअ‍ॅटलला जाऊन काम पाहिले आणि 1983 मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण होती एक लहान मुलगी आणि दाता होता तिचा भाऊ.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. मणक्याला हातही लावला जात नाही. बहुतेक वेळा दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूळपेशी रक्तात उतरवतात आणि प्लेटलेट दानासारख्या यंत्राने काही तासांत गोळा करतात. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. चार दिवस अंग दुखते, ताप आल्यासारखे वाटते, भूल दिल्यास तिचा थोडा धोका असतो. पण काढलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून निघतात. दाता अधू होत नाही.

प्रत्येकाला प्रत्यारोपण लागत नाही, हेही सांगायला हवे. मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया बहुधा केमोथेरपीनेच बरा होतो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे बहुसंख्य रुग्ण गोळ्यांवर वर्षानुवर्षे जगतात. प्रत्यारोपणातही जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो आणि खर्च लाखांत जातो. पण ज्यांना ते लागते, त्यांच्यासाठी दात्याचा शोध निदानाबरोबरच सुरू झाला पाहिजे. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. अलीकडे अर्धे जुळणारे आईवडीलही दाते होऊ शकतात. तरीही अनेकांना अनोळखी दात्याचीच वाट पाहावी लागते आणि असा दाता बहुधा आपल्याच समाजात सापडतो. परदेशातील नोंदवह्या भारतीय रुग्णाला फारशा उपयोगी पडत नाहीत.

म्हणून वाचकांना, विशेषतः तरुणांना, एवढेच सांगणे. रक्तदान शिबिरात आपण दंड पुढे करतोच. तसेच मूळपेशी दात्यांच्या नोंदवहीत नाव घाला. त्यासाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवावी लागते, बस्स. मात्र नाव नोंदवलेत तर बोलावणे आल्यावर माघार घेऊ नका. नव्या पेशी देण्यापूर्वी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट केलेली असते. त्या टप्प्यावर दाता मागे फिरला, तर त्याला परतीची वाट उरत नाही.