भिंतीवरची लक्ष्मी आणि सुपाचा डबा

आमच्या विद्वानांची रसिकता अलीकडे फारच मार्मिक झाली आहे! अमेरिकेंत अँडी वॉरहॉल यानें १९६२ सालीं सुपाच्या डब्यांचीं बत्तीस चित्रें मांडलीं, १९६४ सालीं दुकानी मालाच्या खोक्यांसारखीं लाकडी खोकीं छापून प्रदर्शनांत रचलीं, आणि कला व बाजार यांमधील भिंत कोसळली, असें हे आम्हांस सांगतात. ठीक आहे. पण मैंदर्गीस, जेथें एकाच ओट्यावर मराठी व कानडी दोन्ही ऐकूं येतात, एखाद्या घरांतील रविवर्म्याची लक्ष्मी दाखविली, कीं याच गृहस्थांच्या कपाळास आठी पडते. म्हणे, हें बाजारी चित्र!

बाजारी खरेंच. रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला तो घरोघरीं चित्रें विकण्यासाठींच. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला व अखेर श्लायशर नांवाच्या जर्मन कसबी गृहस्थाच्या हातीं आला. त्याहीपूर्वीं, १८७८ सालीं, पुण्यास चित्रशाळा निघाली. तिच्या संस्थापकांत विष्णुशास्त्री चिपळूणकर होते. शास्त्रीबोवांस अभिरुचि नव्हती, असें म्हणण्यास कोणी धजेल काय? प्रत्येक रंगास निराळा दगड, आणि एकाच कागदावर ठशामागून ठसा, केसभरही न सरकतां! यांत्रिकपणा हें वॉरहॉलचें भूषण, आणि आमच्या शिळाछापाचें मात्र दूषण. हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

यावर उत्तर येतें, कीं डब्यामागें विचार आहे, लक्ष्मीमागें केवळ भक्ति. ज्यांस देवळाची पायरी चढूं दिली जात नव्हती, त्यांच्या घरीं या कागदानें देवतेचें मुख पोंचविलें. एवढी उलथापालथ सुपाच्या डब्यानें केल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

म्हणून प्रत्येक दिनदर्शिकेस कलाकृति म्हणा, असा आमचा आग्रह नाहीं. पुष्कळशीं भडक व निर्जीव असतात. पण ती निवड रेषा व रंग पाहून करावी. चित्र कोठें टांगलें आहे हें पाहून नव्हे.

तूर्त नवें घर बांधतांना जुन्या तसबिरी आधीं अडगळींत, मग कांचेच्या मोलानें भंगारांत जातात. वाचकांनीं देण्यापूर्वीं चौकट उघडून तळचा समास पाहावा. चौकटवाल्यानें तो कापला नसेल, तर तेथें कार्ला-लोणावळा हीं अक्षरें सांपडण्याचा संभव आहे.