कमान नको, चाळीस माणसं तयार करू

मागच्या बुधवारी रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. "वर्षश्राद्ध जवळ आलंय. गावातले म्हणायलेत, वेशीत कमान बांधू लेकराच्या नावानं. साडेचार लाखाचं एस्टिमेट आहे. तू काय म्हणतोस?"

लेकरू म्हणजे दादाचा धाकटा. एकोणीस वर्षांचा. लातूरला नीटच्या रिपीटर बॅचला होता. गावात सगळ्यांना 'हार्ट अटॅक' असंच सांगितलेलं आहे. दादाला विचारूनच हे लिहितोय. गाव, नातं, क्लास सगळं मुद्दाम धूसर ठेवलंय, वहिनीसाठी. ओळखू आलं तरी कृपया कमेंटमध्ये नाव टाकू नका.

आपल्याकडं गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची रीत चांगली दांडगी आहे. पुण्यतिथीला कीर्तन, अन्नदान, शाळेला दप्तरं, दहावीला पहिल्या आलेल्याला स्मृतिचषक, स्टँडवर बाकडं, वेशीत कमान. नांदेड-लातूरच्या कुठल्याही रस्त्यानं जा, दर दोन-चार गावांमागं कुणाचं तरी नाव कमानीवर दिसतं. पण आत्महत्येनं गेलेल्या लेकराच्या वाट्याला यातलं बहुतेक वेळा काहीच येत नाही. घरातला फोटोसुद्धा आतल्या खोलीत जातो. दादा निदान कमानीचा विचार तरी करतोय, हेच मला मोठं वाटलं. तरी मी त्याला 'नको' म्हणालो.

का, ते सांगतो. तो गेल्यावर आम्ही त्याची खोली रिकामी करायला लातूरला गेलो, ट्यूशन एरियात. तिथं तीन माणसं भेटली. मेसवाल्या मावशी म्हणाल्या, पंधरा दिवस झाले होते, डबा अर्धा परत यायचा. रूममालक म्हणाले, पोरगं आधी लाईट बिलावरून माझ्याशी भांडायचं, मग बोलायचंच बंद झालं. रूम पार्टनर तर रडायलाच लागला. त्याला यानं आपल्या सगळ्या नोट्स देऊन टाकल्या होत्या, "मला आता लागणार नाहीत" म्हणून. पार्टनरला वाटलं, हा नीट सोडून बीएस्सी करणार असंल.

तिघांनाही एकेक तुकडा दिसला होता. तिघांपैकी कुणाचाही दोष नाही, हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. मावशी म्हणाल्या, "असं विचारावं लागतंय हे मला कुणी सांगितलं असतं, तर विचारलं असतं की." वर्ष झालं, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तर मुद्दा हा की, विचारायचं कसं हे शिकवता येतं. जगभरात याचे छोटे कोर्स आहेत, गेटकीपर ट्रेनिंग म्हणतात त्याला. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांसाठीच असतात ते. खाणं-झोप बिघडणं, एकाएकी गप्प होणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, "माझ्यामुळं घरच्यांना त्रास" असं वारंवार बोलणं, या खुणा ओळखायच्या. मग बाजूला घेऊन सरळ विचारायचं, "जीव द्यावा असं मनात येतंय का?" यावर आपल्याकडं सगळ्यात मोठी भीती म्हणजे, विचारलं तर डोक्यात नसलेलं घालून बसू. तसं होत नाही. या विषयावर काम करणारे सगळे हेच सांगतात. उलट कुणीतरी विचारलं याचाच त्या पोराला आधार वाटतो. मग ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, "आमच्या वेळी" सुरू करायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, आणि डॉक्टरपर्यंत किंवा समुपदेशकापर्यंत सोबत जायचं. एवढंच. मेसवाल्या मावशीला हे एका दिवसात कळंल, दोन दिवस दिले तर सरावही होईल.

आता कुणी म्हणंल, हे सरकारनं करावं, क्लासवाल्यांनी करावं. करावंच! 25 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टानं विशाखापट्टणमच्या एका नीटवाल्या मुलीच्या प्रकरणात देशभरासाठी सूचना दिल्या, तिथं 17 वर्षांचं लेकरू गेलं होतं. 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. मार्कांवरून बॅचेस वेगळ्या पाडायच्या नाहीत. शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या दोन्ही कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. कोचिंग क्लासेसही यात आले. आपल्या भागातल्या पालकांनी फी भरताना एवढंच विचारावं, "तुमचा समुपदेशक कोण? कुठं बसतो?" उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरून कळंल.

पण कोर्टाचा कागद क्लासच्या गेटपर्यंत येतो. पोरगं चोवीस तासांतले सहा-सात तास क्लासात, बाकीचं रूमवर, मेसवर, अभ्यासिकेत, झेरॉक्सच्या दुकानात. नांदेडला श्यामनगर-बाबानगरकडं संध्याकाळी चक्कर मारा. बिलोली, देगलूर, मुखेड, किनवट, हिंगोली, परभणी, कुठून कुठून आलेली लेकरं. घरचं माणूस जवळ नाही. त्यांना रोज बघणारा माणूस म्हणजे डबेवाला आणि रूममालक. ते कुणाचेच कर्मचारी नाहीत, त्यांना प्रशिक्षण द्यायची सक्ती कुणावरच नाही. ही जी मोकळी जागा आहे ना, ती स्मृतीच्या पैशातून भरता येते.

इंग्लंडमध्ये हे झालेलं आहे. चार्ली वॉलर नावाचा 28 वर्षांचा तरुण 1997 ला नैराश्यातून गेला. आईवडिलांनी त्याच वर्षी त्याच्या नावानं ट्रस्ट काढला आणि लपवलं काहीच नाही. तो ट्रस्ट शिक्षकांना, नर्सना, डॉक्टरांना तरुणांचं मन कसं ओळखायचं याचं प्रशिक्षण देतो. अमेरिकेतल्या सॅटो दांपत्याचा मुलगा जेड 1998 ला गेला, त्यांनी 2000 साली जेड फाउंडेशन काढलं, ते कॉलेजांसोबत काम करतं. एवढं लांब जायचं नसंल तर साताऱ्याची परिवर्तन संस्था आहे, ते साध्या कार्यकर्त्यांना 'मानसमित्र' म्हणून तयार करतात. पुण्यात कनेक्टिंग ट्रस्टचे स्वयंसेवक ऐकून घ्यायचंच काम करतात. म्हणजे शिकवणारे आहेत. त्यांना बोलावणारे, जागा देणारे, जेवणखाण बघणारे लागतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. याच्या नावाखाली कुणी मोटिवेशनल स्पीकर आणून सभागृह भरवणार असंल तर त्यापेक्षा कमान बरी. तिची सावली तरी पडते. दोन तास "हार मानू नका" ऐकून आधीच हरल्यासारखं वाटणारं पोरगं आणखी खाली जातं. आणि प्रशिक्षण घेतलेल्या मावशी काही डॉक्टर होणार नाहीत. पुढचा दरवाजा उघडा असावा लागतो. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, लातूरचं शासकीय रुग्णालय, तिथं मानसोपचार विभाग कुठल्या इमारतीत, ओपीडी कुठल्या वेळेला, हे त्या चाळीस माणसांच्या मोबाईलमध्ये असलं पाहिजे. आणि 14416, टेलिमानस. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तुमच्या गल्लीत किती जणांना माहीत आहे, विचारून बघा.

पोलिसांच्या भीतीनंही लोक दडवतात. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे. जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुनं 309 कलमच राहिलेलं नाही. तरी "केस होईल" म्हणून दवाखान्यात खोटं सांगतात. तिथंच उपचार तुटतो.

आमच्या पत्रकार मित्रांनाही एक विनंती. 'मोबाईल दिला नाही म्हणून', 'मार्क कमी पडले म्हणून'. हा 'म्हणून' काढा हो हेडिंगमधून. माणूस एका कारणानं जात नाही. आणि तेच कारण घरात असलेलं दुसरं लेकरू ती बातमी वाचत असतं. एनसीआरबीच्या आकड्यात 2023 ला देशभरात 13,892 विद्यार्थी गेले, सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. तेवढे सगळे 'म्हणून' खरे असते तर उपायही सोपा असता.

दादाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वहिनीला विचारतो." परवा वहिनीचाच फोन आला. नाव द्यायला तयार आहेत. कारण लिहायला अजून नाही. "भाऊजी, माझी सासू अजून आहे. तिला नका कळू देऊ." मी हो म्हणालो. बॅनरवर फक्त नाव आणि 'स्मरणार्थ' राहील. बाकी जेव्हा त्यांना वाटंल तेव्हा.

कमानीचे साडेचार लाख सगळे येणार नाहीत, दादा दीड देतोय. पहिली बॅच लातूरला, चाळीस जणांची, दोन दिवस. शिकवायला अनुभवी संस्थेशी बोलणं सुरू आहे, ठरलं की इथंच सांगतो. मेस चालवणाऱ्या ताया, रूममालक, अभ्यासिकावाले, डबेवाले, रिक्षावाले, एवढेच हवेत. प्राध्यापक आणि नेते सध्या नकोत. तुमच्या ओळखीत कुणी असंल तर इनबॉक्सला कळवा. मेस असंल तर दुपारी तीन ते पाच सोडून दुसरी वेळ चालत नाही, हे आम्हाला कळलेलं आहे, त्या हिशोबानंच ठेवतोय.

मावशींनी सगळ्यात आधी नाव दिलंय.