दुचाकीच्या दिव्याविषयी परिवहन आयुक्तांस खुले पत्र

माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस



परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत दिवस मावळल्यानंतर ज्यांना दुचाकीवरून ये-जा केल्यावाचून गत्यंतर नाही अशा असंख्य लोकांपैकी मी एक असून, आपल्या खात्याच्या अखत्यारीत निःसंशय येणाऱ्या, परंतु आजवर दंडाच्या पावतीपुरत्याच विचारात घेतल्या गेलेल्या एका विषयाबाबत, म्हणजे मोटारसायकलच्या पुढच्या दिव्याबाबत, एक तक्रार आणि तिच्या जोडीला एक तजवीज आपणापुढे ठेवावी, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. रीतसर अर्ज न करता ते जाहीर का केले, असे आपण विचाराल, तर अर्जाला आवक क्रमांक मिळतो आणि बहुधा तेवढेच मिळते. शिवाय या प्रकरणात आम्हा दुचाकीस्वारांचाही दोष थोडाथोडका नसल्यामुळे हे पत्र आपल्याइतकेच त्यांनीही वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

आमच्याकडे रात्रीचा प्रवास हा हौसेचा भाग नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली म्हणजे उसाला किंवा गव्हाला पाणी द्यायला शेतकऱ्याने रात्रीच शेत गाठायचे असते. पूर्णा जंक्शनवर वा परभणीच्या स्थानकावर अपरात्री उतरलेल्या पाहुण्याला आणायला घरातले कोणीतरी जातेच. आणि बाळंतिणीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालेल्या जीपच्या मागोमाग दोन-तीन मोटारसायकली नाहीत, असे दृश्य विरळाच. पाथरी, मानवत, परभणी असा वसमतकडे जाणारा कल्याण-निर्मल महामार्ग, ज्याला पूर्वी २२२ आणि आता ६१ हा क्रमांक आहे, तो सोडून आत वळले की रस्त्याखालची जमीन काळ्या कापसाच्या मातीची लागते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि तिच्या या श्वासोच्छ्वासाबरोबर वरचे डांबरही उचलते व खचते, त्यामुळे काल नसलेला खड्डा आज असणे हे येथे नवल नव्हे. त्यात रोही आणि रानडुकरे आडवी येणार, आणि दिवाळीनंतर गाळपाचा हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागचा दिवा असलाच तर तो वाढ्यांखाली झाकून गेलेले ट्रॅक्टर, कोणतीही सूचना न देता, काळोखाचाच एक भाग होऊन पुढ्यात उभे राहणार.

अशा मुलखात जो दिवा देऊन कंपन्यांनी वर्षानुवर्षे गाड्या विकल्या, त्याची योग्यता काय होती? ज्या शंभर सीसीच्या गाड्यांनी खेडोपाडी बैलगाडीची जागा घेतली, त्यांतील बहुतेकींना पस्तीस वॅटचा बल्ब असे, आणि त्याला वीज बॅटरीतून न मिळता थेट मॅग्नेटोच्या कॉइलमधून मिळे. परिणाम असा की इंजिन जोरात फिरेल तेव्हा दिवा उजळे आणि खड्ड्यासाठी, वळणासाठी वा जनावरासाठी वेग कमी करावा तर नेमका त्याच क्षणी तो मलूल होऊन पिवळा पडे. प्रकाशाची गरज सर्वांत अधिक तेव्हा प्रकाश सर्वांत कमी, अशी ही योजना. नव्या गाड्यांत पुष्कळ सुधारणा झाली आहे, कारखान्यातूनच एलईडी दिवे येऊ लागले आहेत, आणि एप्रिल २०१७ पासून दुचाकीचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागलेला असावा असा नियमही झाला आहे, हे मी नाकारीत नाही; पण सेलूच्या किंवा गंगाखेडच्या आठवडी बाजाराबाहेर लागलेल्या गाड्यांची रांग एकवार नजरेखालून घातली, तर जुन्या दिव्यांचा अंमल अजून सरलेला नाही याची खात्री पटेल.

तेव्हा माणूस काय करतो? तो बाजारात जातो. तेथे दीडदोनशे रुपयांपासून पुढे वाटेल त्या किमतीला, खोक्यावर वाटेल तो वॅटचा आकडा छापलेला, निळसर पांढऱ्या उजेडाचा एलईडी बल्ब त्याला मिळतो. तो मूळच्याच होल्डरमध्ये बसतो, लागतोही, आणि पहिल्या रात्री समोरची बाभळ शेंड्यापर्यंत उजळलेली पाहून मालक धन्य होतो. वास्तविक बाभळीचा शेंडा दिसणे हेच दोषाचे लक्षण आहे. हॅलोजन बल्बच्या पोटात डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती तारेचा खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, म्हणून उरलेला प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडून खाली रस्त्याकडे वळतो. तारेची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेली असते आणि रिफ्लेक्टरची कमान त्या जागेसाठीच घडवलेली असते. स्वस्त एलईडीमध्ये प्रकाशाचा ठिपका त्या जागी नसतो, पुष्कळांत ती आड करणारी वाटीही धड नसते. मग प्रकाश रस्ता सोडून चहूकडे उधळतो, आणि बल्ब मूळच्यापेक्षा प्रखर असूनही ज्या चाळीस-पन्नास पावलांवर खड्डा आहे तेथे तो कमीच पोहोचतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र तो पुरेपूर पोहोचतो. मोटारींसाठी बनविलेले 'प्रोजेक्टर' दुचाकीला बसविणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी आहे: त्यांतले काही उजव्या बाजूने वाहने चालविणाऱ्या देशांसाठी घडलेले असतात, त्यांचा झोत उजवीकडे वर चढतो, आणि आपल्याकडे उजवीकडे असतो तो समोरचा माणूस.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६ व्या नियमाने या बाबतीत कसलीही संदिग्धता ठेवलेली नाही. दिव्यापासून आठ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे अशा माणसाला दिपवणार नाही इतका तो झोत कायमचा खाली वळविलेला, अथवा चालकाला तसा खाली वळविता येणारा असला पाहिजे, असे तो नियम सांगतो. नियमकर्त्याने येथे वॅटचा विचार न करता समोरच्या माणसाचा डोळा कोठे आहे याचा विचार केला, याबद्दल त्याला दाद दिली पाहिजे. परंतु हे मापन रस्त्यावर होते कोठे? परभणीच्या चौकात गाडी अडविणारा शिपाई दिव्याच्या रंगाकडे पाहतो आणि पावती फाडतो. मग ज्याचा पांढरा दिवा नीट खाली झुकवलेला आहे त्याला दंड होतो, आणि ज्याचा पिवळा, कंपनीचाच दिवा अपघातात वाकून आभाळाकडे पाहतो आहे, तो सलाम ठोकून निघून जातो.

कायद्याचे दुसरे अंग याहून गुंतागुंतीचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी प्रमाणपत्रात बल्बाचा उल्लेख नसतो, म्हणून बल्ब बदलणे हा बदल मानावा की देखभाल मानावी, याचा निवाडा चौकातल्या चौकात, अडविणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे होतो. पण त्याच कलमाने, सुरक्षिततेस महत्त्वाचे म्हणून केंद्र शासनाने ठरविलेले सुटे भाग नियमबाह्य असूनही विकणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा नगामागे एक लाख रुपये दंड अथवा दोन्ही, अशी याहून किती तरी जबर शिक्षा सांगितली आहे. संसदेच्या नजरेत विकणारा मोठा अपराधी आहे, हे यावरून उघड व्हावे. आमच्या रस्त्यावर मात्र पाच हजारांचे भय शेतकऱ्याला आणि एक लाखाचे भय कोणालाच नाही. एखाद्या सायंकाळी जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या बाजारपेठेत जाऊन पाहावे : निळ्या उजेडाची झगमगती आरास दुकानाच्या दर्शनी फळीवरच मांडलेली असते.

आता एक गोष्ट, जी कायद्याच्या पुस्तकात नाही आणि बल्बच्या खोक्यावरही नाही. चांगल्या मिस्त्रीकडे गाडी नेली तर तो नवा बल्ब काढण्याआधी जुना दिवा खोलतो. काचेच्या आत धुळीचा तांबूस थर, रिफ्लेक्टरची चांदी कडेने उडून काळवंडलेली, होल्डरची प्लास्टिकची बैठक उष्णतेने तपकिरी पडलेली, आणि तांब्याच्या टोकांवर हिरवट गंज, हे सगळे एका दिव्यात सापडते. मग तो मीटर लावतो. बॅटरीवरून चालणाऱ्या गाडीत बॅटरीजवळ साडेबारा व्होल्ट आणि बल्बच्या पायाशी अकरा, असा हिशेब निघाला तर मधले दीड व्होल्ट बारीक तारांनी, झिजलेल्या स्विचने आणि सैल अर्थिंगने खाल्लेले असतात. हॅलोजन बल्बची रीत अशी की दाब दहा टक्क्यांनी घटला तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून जो स्वार 'माझ्या गाडीला उजेडच नाही' म्हणून बाजार गाठतो, त्याचा हरवलेला उजेड पुष्कळदा त्याच्याच गाडीच्या तारांत अडकलेला असतो. अर्थिंग घासून घट्ट करणे, जाड तार आणि रिले घालून दिव्याला बॅटरीतून सरळ वीज देणे, रिफ्लेक्टर अगदीच गेला असेल तर त्याच मापाचा प्रमाणित नवा घालणे, आणि हॅलोजनच्या काचेला बोटाचा तेलकटपणा लागू न देता ती कापडात धरून बसविणे, एवढ्याने अनेक गाड्यांचे काम भागते. याउलट, त्याच बारीक तारांवर नव्वद-शंभर वॅटचा बल्ब चढविला तर आधी होल्डर वितळतो आणि नंतर वायरिंग जळते, हे कोणताही मिस्त्री आपल्याला जळका नमुना हातावर ठेवून दाखवील.

शेवटी तो मिस्त्री गाडी भिंतीसमोर उभी करतो. दहा मीटर अंतर, गाडीवर नेहमीचा स्वार बसलेला, टायरात हवा योग्य, आणि डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली. मागे माणूस आणि खताचे पोते बसले की मागचे शॉकॲबसॉर्बर दबतात व दिव्याचे तोंड वर होते, म्हणून डबलसीट फिरणाऱ्याने तो आणखी थोडा झुकवावा. या कामाला एक पान्हा आणि पाच मिनिटे लागतात, आणि याच कामाची शासनाच्या कोणत्याही यंत्रणेला फिकीर नाही.

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्या पंधरा वर्षांत तिच्या दिव्यासमोर आपल्या खात्याचा एकही निरीक्षक उभा राहत नाही. धूर मात्र दरवर्षी, जुन्या गाड्यांचा तर सहा महिन्यांनी, पीयूसी केंद्रात तपासला जातो. तेव्हा माझी तजवीज अशी की, ज्या केंद्रात धूर तपासतात तेथेच एक पांढरी भिंत, तिच्यावर मापाच्या रेघा आणि जमिनीवर दहा मीटरची खूण असावी, आणि धुराच्या दाखल्याबरोबर दिव्याच्या झुकावाची नोंदही व्हावी. पहिल्या वर्षी दंड नको, दिवा जागेवरच सरळ करून द्यावा. याला नवे यंत्र लागत नाही, चुना लागतो.

दुसरे असे की, चांगला दिवा कायदेशीरपणे मिळण्याची वाट उघडल्यावाचून बेकायदा दिव्यांचा बंदोबस्त होणार नाही. २०२० मध्ये जर्मनीत एका प्रसिद्ध निर्मात्याच्या एलईडी बल्बला तेथील मोटार खात्याने मान्यता दिली, ती सरसकट नव्हे. कोणत्या गाडीच्या कोणत्या दिव्यात तो बल्ब तपासून योग्य ठरला याची यादी जोडून दिली, आणि यादीबाहेर त्याचा उपयोग निषिद्धच ठेवला. बल्बची परीक्षा रिफ्लेक्टरसकट झाली पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे आणि ते बरोबर आहे. आपल्याकडे १९६६ पासून पुण्यात एआरएआय ही संस्था आहे, वाहनांच्या तपासणीत तिचा अधिकार मोठा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्येच, मान्यतेच्या अटी व नंतर बसवायच्या भागांची मानके ठरविण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. महाराष्ट्रात सर्वाधिक खपलेल्या जुन्या गाड्यांसाठी अशी यादी करण्याचा प्रस्ताव आपल्या कार्यालयाने केंद्राकडे पाठवावा, आणि दिव्यांचे बल्ब सुरक्षेच्या महत्त्वाच्या भागांत निःसंदिग्धपणे गणले जावेत, असा आग्रहही त्याच मसुद्यात धरावा. शेतकऱ्याला 'हा लावू नकोस' असे सांगणारे पुष्कळ आहेत. 'हा लाव' असे सांगणारा कागद अद्याप एकही नाही.

उसाच्या ट्रॉल्यांविषयी मी फार लिहीत नाही, कारण तो विषय आपणास ठाऊक आहे आणि दर हंगामात परावर्तक पट्ट्या चिकटविण्याची छायाचित्रेही प्रसिद्ध होतात. पट्टी ट्रॉलीच्या फळीवर असते आणि ऊस फळीच्या बाहेर लोंबतो, एवढेच नमूद करतो.

तरी महोदय, दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटण्यापूर्वी परभणीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयास आणि जिल्ह्यातील सर्व पीयूसी केंद्रांस दिव्याच्या तपासणीचे परिपत्रक धाडावे, नियमबाह्य बल्बांच्या घाऊक विक्रेत्यांकडे आपले निरीक्षक एकदा तरी पाठवावेत, आणि तोवर चौकातल्या पावतीवर दिव्याच्या रंगाऐवजी त्याच्या झोताची उंची लिहिण्याचा हुकूम द्यावा, ही विनंती.

आपला,
परभणी जिल्ह्यातील एक दुचाकीस्वार