बातमीला धनी कोण?

रविवारचा मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात हल्ली एक वाक्य वारंवार कानी पडते : "पेपरवाले विकले गेले आहेत. खरे काय ते मोबाइलवरच कळते." बोलणारी मंडळी शिकलीसवरलेली असतात. ऐकणारे माना डोलावतात. या वाक्याचा पूर्वार्ध अंशतः खरा आहे. उत्तरार्ध मात्र धादांत खोटा आणि घातक आहे.

पूर्वार्धाचा विचार आधी करू. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या वेळी सत्ताधाऱ्यांची स्तुती करणारा मजकूर निरनिराळ्या मराठी दैनिकांत, वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावांनी, पण शब्दशः तोच छापून आला. वृत्तपत्रांवरचा हा डाग झाकण्याचे कारण नाही. परंतु हा प्रकार चव्हाट्यावर आणला कोणी? पी. साईनाथ या पत्रकाराने, 'द हिंदू' या दैनिकातून. एका वर्तमानपत्राचे पाप दुसऱ्या वर्तमानपत्राने उघडे पाडले. ते शक्य झाले, कारण अंक छापलेले होते, त्यांवर तारीख होती, मजकुरावर नाव होते. दोन अंक शेजारी ठेवले आणि लबाडी उघडी पडली.

आता उत्तरार्ध. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागायला आले होते. मुले पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा मोबाइलवरून त्या भागात आधीच पसरली होती. त्याच सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. वास्तविक ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. मूळ फितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. तो शेवट कोणी तरी कापून टाकला. कोणी? ते आपल्याला कधीच कळणार नाही. मारणारे हात सापडतात, अफवा रचणारा हात सापडत नाही.

"पण आमच्याकडे ओळखीच्या माणसाकडून येते," असे कोणी म्हणेल. पाठवणारा ओळखीचा असतो, लिहिणारा नव्हे. आपला मावसभाऊ प्रामाणिक आहे म्हणून त्याने पुढे ढकललेला मजकूर प्रामाणिक ठरत नाही.

राईनपाडा दूरचा वाटत असेल, तर आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले आठवा. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, चोर असल्याच्या संशयावरून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. पाठोपाठ या हत्येला धार्मिक रंग देण्यात आला. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीरपणे सांगावे लागले. काहींनी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे बोट दाखवले. तेव्हा आपण संतापलो. "पुरावा कुठे आहे?" असे विचारले, आणि ते योग्यच होते.

परंतु दुसऱ्या समाजाविषयीचा तसाच निनावी मजकूर धर्मग्रामाच्या गटावर येतो, तेव्हा हा प्रश्न आपण विचारतो काय? आपल्यावरचा आरोप ती अफवा आणि दुसऱ्यावरचा आरोप ती बातमी, हा कुठला न्याय? आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याला मनाई करते. शेजारी कोणत्या धर्माचा, हे तीत सांगितलेले नाही. आणि मजकूर पुढे पाठवणे ही साक्षच आहे.

दूरदर्शन वाहिन्यांना नाव असते, चेहरा असतो. पण तेथेही बातमी आणि चर्चा यांत भेद करावा. वार्ताहर घटनास्थळी जाऊन, संबंधितांशी बोलून सांगतो ती बातमी. रात्री चौघे एकमेकांवर ओरडतात ते केवळ मत.

मग विश्वास कोणावर ठेवावा? माझी कसोटी साधी आहे : बातमीला धनी आहे काय? प्रत्येक नियतकालिकावर संपादक, मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. या त्रैमासिकावरही ती असतात. चूक झाली तर पत्र कोणाला लिहावे आणि कोर्टात कोणाला उभे करावे, हे वाचकाला ठाऊक असते. जे पत्र आपली चूक दुरुस्त करून छापते, ते कधीच न चुकण्याचा आव आणणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचे होय.

विवाहापूर्वी वधूवरांची नावे आपण चर्चमध्ये सर्वांसमक्ष वाचतो आणि कोणास अडथळा माहीत असल्यास कळवण्यास सांगतो. हरकतीला वाव देऊन मगच पुढचे पाऊल टाकण्याची ही रीत आपल्या अंगवळणी आहे. बातमीच्या बाबतीतच ती का सोडावी? घरात दोन वेगळ्या मतांची दैनिके घ्यावीत आणि महत्त्वाची बातमी दोन्हींत पडताळावी. ज्या मजकुराला नाव, गाव, तारीख नाही, तो आपल्यापाशीच थांबवावा. तो आपल्या बाजूचा असेल, तेव्हा तर अवश्य थांबवावा.